नवीनमधे काहीच नाही का वो?

मागं एकदा नवी पेठेत कॅमेऱ्याच्या एका दुकानात मेमरी कार्ड घ्यायला गेले होते. मे महिन्यातली सोलापूरची दुपार, कूलर नुसताच घरघरत होता, हवा गरमच. माझ्या आधी एक मुलगी आणि तिचे वडील उभे होते. वडिलांच्या केसांत, शर्टाच्या बाहीवर कापसाची बारीक पांढरी तूस, म्हणजे लूमवरून सरळ इकडं आलेले, आपल्याकडं हे कुणाला सांगावं लागत नाही. आपापसात तेलुगूत बोलायचे आणि दुकानदाराशी मराठीत. मुलीला बारशाच्या, लग्नाच्या फोटोंच्या ऑर्डरी घ्यायला कॅमेरा पाहिजे होता, कुणाच्या तरी हाताखाली शिकलेली दिसत होती कारण प्रश्न नेमके होते, बॅटरी किती चालते, फ्लॅश कुठला बसतो, असे. वडील काही बोलत नव्हते, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या पैशांवर हात ठेवून उभे होते फक्त. दुकानदार माणूस चांगला, त्यानं नीट समजावून सांगितलं की ह्या बजेटमधे पूर्वी दोन-तीन मॉडेल यायची, आता ती यायची बंद झाली, सेकंडहँड दाखवतो नाहीतर थोडं वरचं हप्त्यावर करून देतो. वडील पहिल्यांदाच बोलले, हप्ता नको. मग मुलीनं विचारलं, "नवीनमधे काहीच नाही का वो?"

नव्हतंच काही. दोघं उन्हात निघून गेली.

तो प्रश्न मात्र काही केल्या डोक्यातून जाईना. घरी येऊन भाच्याला सांगितलं, तो लग्नांचे फोटो काढतो, हंगामात त्याला जेवायला वेळ नसतो. तो शांतपणे म्हणाला, "आत्या, कंपनीचं बरोबर आहे. स्वस्त कॅमेरा विकून त्यांना काय उरतं? ते गिऱ्हाईक फोनकडं गेलं. आणि स्वस्त माल विकला की नाव पण जातं." त्याचं म्हणणं वेडेपणाचं नाही हे मला कळतं, जगभर विकल्या जाणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांचा आकडा २०१० मधे १२ कोटींच्या वर होता, तो २०२० मधे ९० लाखांच्या खाली आला, एवढी पडझड झाल्यावर कुठलाही धंदेवाला जिथं चार पैसे जास्त सुटतात तिकडंच सरकणार. तरी मला राग आला आणि तो राग नक्की कशाचा हे शोधत मी बरेच दिवस फिरतीये, म्हणून हे लिहायला बसले.

आमच्या घरात कॅमेरा आला तो अण्णांच्या मिलच्या बोनसमधून. आगफा क्लिक थ्री, बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजनं बनवलेला. काळा, हातात घेतला तर आत काही आहे की नाही असं वाटावं इतका हलका, चामड्याच्या तपकिरी कव्हरमधे. त्या कव्हरचा वास मला आजही आठवतो, नवी चप्पल आणि ट्रंकेतल्या डांबरगोळ्या एकत्र केल्यासारखा. त्यात जमवायचं असं फार काही नव्हतंच, ऊन आहे की ढग आहेत एवढं त्याला सांगायचं आणि श्वास रोखून खटका दाबायचा. १२० चा रोल, बारा फोटो. बारा म्हणजे बाराच, त्यामुळं अण्णा प्रत्येक फोटोआधी इतका विचार करायचे की लहान पोरं कंटाळून रडायला लागायची आणि मग फोटोत रडतानाच यायची.

काकांचा स्टुडिओ होता अशोक चौकाच्या बाजूला. त्यांच्याकडं दोन लेन्सचा याशिका होता, कमरेपाशी धरून वरून खाली बघत फोटो काढायचा तसला, आणि त्याला आम्ही पोरांनी हात लावायचा नाही हा नियम. काकांचे फोटो सुंदर असायचे. मागं रंगवलेला पडदा, जिना, कुंडी, बायकांचा पदर दोन्ही खांद्यांवरून, पुरुषांचे हात गुडघ्यावर. पण आज अल्बम काढला की एक गोष्ट दिसते. काकांनी काढलेल्या फोटोंतली माणसं फोटो काढायला आलेली आहेत. अण्णांच्या क्लिक थ्रीमधली माणसं घरात आहेत. आई दारात बसून विड्या वळतीये, मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं, शेजारच्या काकूशी कशावरून तरी तोंड उघडून हसतीये. स्टुडिओत आई तशी कधीच हसली नसती. शेजारच्या घरात हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले आजोबा, बनियनवर. माझी मोठी बहीण परीक्षेच्या आदल्या रात्री... नाही, रात्री त्या कॅमेऱ्यात काही यायचंच नाही, सकाळी, केस न विंचरता पुस्तक घेऊन जिन्यात. फोटो जरासे हललेले, कडांना मऊ झालेले. महागाचा कॅमेरा हे फोटो जास्त चांगले काढू शकला असता का? शकला असता की. पण महागाचा कॅमेरा त्या दारात कधी आलाच नसता.

मला वाटतं स्वस्त कॅमेऱ्याबद्दल बोलताना इथंच गडबड होते. लोक समजतात की तो महाग कॅमेऱ्याचाच कमी दर्जाचा फोटो काढतो. तो वेगळाच फोटो काढतो. कोडॅकनं १९०० साली ब्राउनी काढला, पुठ्ठ्याचा डबा, किंमत एक डॉलर, जाहिरात लहान मुलांसाठी. त्याआधी बहुतेक घरांत फोटो म्हणजे ठरवून, चांगले कपडे घालून, पैसे मोजून करायची गोष्ट होती. ब्राउनीनंतर पोरांनी कुत्र्याचे, अंगणातले, एकमेकांचे फोटो काढले. कुठलंच मोठं भिंग त्या अंगणात त्याआधी गेलेलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकात हॉट शॉट नावाचा साधा कॅमेरा आला, ती खटॅकवाली जाहिरात टीव्हीवर लागायला लागली, तेव्हा काका घाबरले होते हे मला आठवतंय. रात्री जेवताना म्हणाले, आता कोण येणार स्टुडिओत. आणि पुढच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, जत्रेनंतर काय झालं तर दुकानात रोल धुवायला टाकणाऱ्यांची रांग. होम मैदानावर पाळण्यात बसलेले, हातात भेळ, नंदीध्वजांच्या मागं पळणारे, सगळं सोलापूर आपापले फोटो आपणच काढून आलेलं. काका डार्करूममधून बाहेर यायचे तेव्हा बोटांना हायपोचा, म्हणजे फोटो धुवायच्या रसायनाचा, आंबट वास आणि चेहऱ्यावर हसू. फक्त एका गोष्टीनं ते चिडायचे, बाराबंदी, म्हणजे जत्रेत घालतात तो पांढरा अंगरखा. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतली शंभर माणसं जानेवारीच्या उन्हात, आणि कॅमेरा असा की ज्याला उजेड कमीजास्त करताच येत नाही. कपडे सगळे जळून पांढरे, चेहरे काळे. काका प्रिंट करताना चेहऱ्यावर हाताची सावली धरून धरून एकेक माणूस वर आणायचे, त्याचे वेगळे पैसे कधी घेतले नाहीत. गिऱ्हाईक म्हणायचं, काय मस्त कॅमेरा हाय बघा, आणि काका म्हणायचे हाय की.

त्या काळाचं गणित सरळ होतं. कॅमेरा स्वस्तात द्यायचा, कमाई रोलवर, कागदावर. कोडॅकचं सगळं साम्राज्य त्यावर उभं होतं आणि वरून खाली काकांच्या दुकानापर्यंत त्यातला घास येत होता. डिजिटल आल्यावर ते गेलं, एकदा कॅमेरा विकला की सामान्य गिऱ्हाईक परत दुकानात यायचं कारणच उरलं नाही. मग कंपन्यांनी लेन्सवर भिस्त ठेवली, बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, स्वस्त द्या, माणूस नंतर लेन्सा घेईल. पण बहुतेक घरांत बॉक्समधे आलेली लेन्सच शेवटपर्यंत राहिली. म्हणजे कंपन्यांना हे गिऱ्हाईक नकोसं का झालं हे मी समजू शकते. फुजीफिल्मनं मात्र ती जुनी वाट सोडली नाही, १९९८ पासूनचा इन्स्टॅक्स बघा, खेळण्यासारखा प्लॅस्टिकचा, कॅमेरा एकदाच घ्यायचा आणि फिल्मची पाकिटं घेत राहायची. आमच्या कॉलनीतल्या कॉलेजच्या पोरी वाढदिवसाला वर्गणी काढून तो घेतात, भिंतीला दोरी बांधून चिमट्यांनी फोटो लावतात. त्याच कंपनीचे दीड-दोन लाखांचे कॅमेरे पण विकले जातात आणि इन्स्टॅक्समुळं त्यांचं नाव गेलं असं मला तरी कुणी सांगितलेलं नाही.

आता ज्या माणसाची गोष्ट मला भाच्याला सांगायची होती ती. ऑलिंपस ह्या जपानी कंपनीत योशिहिसा माइतानी नावाचा एक तरुण इंजिनियर होता. पन्नाशीच्या दशकाचा शेवट, जपानमधे कॅमेरा म्हणजे पगारदार माणसाच्या हाताबाहेरची वस्तू. त्यानं ठरवलं ६,००० येनमधे कॅमेरा करायचा. बाकी कुणीही काय केलं असतं, आधी लेन्स हलकी केली असती कारण पैसा तिथंच जातो. ह्यानं उलटं केलं. तो स्वतः लायका हा महागाचा जर्मन कॅमेरा वापरायचा, म्हणून लेन्स त्या तोडीची पाहिजे म्हणाला, आणि लेन्स बनवणाऱ्यांनी खरंच तशी बनवून दिली, २८ मिमी, एफ ३.५. पण बजेटचा मोठा हिस्सा त्यातच संपला. मग उरलेल्या पैशात बाकीचा कॅमेरा बसवायचा. फ्रेम अर्धी केली, म्हणजे ३६ च्या रोलमधे ७२ फोटो. फिल्म पुढं सरकवायच्या खटक्याला गिअर लागतात, ते महाग, तर त्यानं चक्रीच मागं आणून अंगठ्याखाली ठेवली, मधले गिअर गेले. कारखान्याच्या प्रमुखाला ते खेळणं वाटलं, त्यानं बनवायला नकार दिला, सुरुवातीचा माल बाहेरून करून घ्यावा लागला. १९५९ मधे ऑलिंपस पेन बाजारात आला आणि असा चालला की पुढं दोन दशकं त्या नावाचे कॅमेरे निघत राहिले.

मी ही गोष्ट वाचली तेव्हा उठून पाणी प्यायले. का माहितीये, कारण त्या माणसानं ६,००० येनवाल्या गिऱ्हाईकाच्या डोळ्यांना महागाचा कॅमेरा घेणाऱ्याच्या डोळ्यांइतकाच मान दिला. त्याला चक्री फिरवायला लागली तरी चालेल, फोटो कमी दर्जाचा आलेला चालणार नाही.

आपल्या चादरीचंच बघा ना. सोलापुरी चादर म्हणून बाहेरगावी काय काय विकतात, हात लावला की कळतं आपली नाही. पण आपल्याच मालात भारी आणि हलकी चादर दोन्ही होतात, आणि हलकी चादर करणारा चांगला विणकर वजन कमी करतो, नक्षी सोपी करतो, रंग दोनच घेतो, पण पहिल्या धुण्यात रंग सुटेल असा माल देत नाही. कुठं कापायचं आणि कुठं कात्री लावायची नाही हे ज्याला कळतं त्यालाच स्वस्त वस्तू बनवायचा अधिकार आहे असं मला वाटतं.

आणि हे कळूनही जे नको तिथंच कात्री लावतात त्यांचा मला खरा राग आहे. कॅननचा ईओएस १५००डी, आपल्याकडं हजारो पोरांनी शिकायला घेतलेला कॅमेरा. त्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची जी खाच असते त्यात मधोमध एक छोटा धातूचा ठिपका असतो. जगातल्या जवळपास सगळ्या साध्या फ्लॅशना, स्वस्तातल्या ट्रिगरना पेटायला तेवढा एक ठिपका पुरतो, कुठल्याही कंपनीचा असो. १५००डी मधून तो ठिपका काढून टाकला. ३००० डी मधून काढला, २००डी मार्क टू मधून पण. एका ठिपक्यानं किती पैसे वाचत असतील? झालं काय, तर हे कॅमेरे घेणारी पोरं, ज्यांना साधा फ्लॅशच परवडणार होता, त्यांचाच साधा फ्लॅश चालेना, त्यांना कॅननची भाषा समजणारा महागातलाच घ्यावा लागला. ३०००डी मधे तर चष्म्याचा नंबर जुळवायची चक्री पण नाही. चष्मा असलेल्या गरीब माणसानं व्ह्यूफाइंडरमधून धुरकट बघायचं? ही काटकसर नाही. ही आडकाठी आहे, वरच्या मॉडेलकडं ढकलायला मुद्दाम ठेवलेली. २००३ च्या ३००डी मधे पण सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, वरच्या १०डी चाच होता, पण काही सोयी सॉफ्टवेअरमधे बंद करून ठेवलेल्या, लोकांनी फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलून त्यातल्या काही चालू केल्या तेव्हा सगळ्यांना कळलं की वस्तू आत होतीच, फक्त कुलूप होतं.

ह्याच कंपनीची ५० मिमी, एफ १.८ ची लेन्स, १९९० ची, माउंटसकट, म्हणजे कॅमेऱ्याला अडकवायच्या कडीसकट, प्लॅस्टिकची, फोकस करताना किरकिर आवाज करणारी. ती प्लॅस्टिकची आहे म्हणून मला अजिबात राग नाही, कारण काच प्रामाणिक होती. भाच्याचं पहिलं वर्ष त्याच लेन्सवर निघालं, मंडपातल्या अंधारात नवरीच्या चेहऱ्यावर जो उजेड त्यानं पकडला तो त्या प्लॅस्टिकच्या तुकड्यातूनच आला. एकाच घरात दोन्ही वृत्ती असतात म्हणजे.

भाच्यानं मला लायकाचं उदाहरण दिलं, आणि ते ठासून सांगण्यासारखं आहे. १९७३ मधे लायकानं मिनोल्टाबरोबर सीएल नावाचा छोटा, स्वस्तातला कॅमेरा काढला. तो चांगला होता हीच अडचण झाली, लायकाचाच मोठा एम५ मागं पडला, सीएल त्याच्याहून कितीतरी जास्त खपला, आणि तीनच वर्षांत सीएल बंद. भाचा म्हणतो बघ, चांगलं स्वस्त बनवलं की स्वतःचंच महाग मरतं, म्हणून कंपन्या स्वस्तात खोट ठेवतात. ह्यावर माझ्याकडं पूर्ण उत्तर नाही. लायकासारख्या लहान कंपनीनं थोड्याच लोकांसाठी जपून काहीतरी करत राहावं, त्यांना कुणी सक्ती करू नये, असं मला मनापासून वाटतं. पण ज्या कंपन्या प्रत्येक शहराच्या प्रत्येक चौकात बोर्ड लावून बसल्या, ज्यांनी दोन पिढ्यांना कॅमेरा म्हणजे आमचंच नाव असं शिकवलं, त्यांनी दिवस बदलल्यावर खालची पायरीच काढून घ्यावी हे मला पटत नाही. निकॉननं १९७९ मधे ईएम काढला तेव्हा जुने निकॉनवाले नाक मुरडत होते, हा काय प्लॅस्टिकचा निकॉन म्हणून. नाव गेलं का निकॉनचं? उलट ईएमबरोबर काढलेल्या त्या स्वस्त सीरिज ई लेन्सांतल्या काही आज लोक शोधून शोधून घेतात. २००६ च्या डी४० मधे बॉडीत फोकसची मोटर नव्हती, जुन्या लेन्सा हातानंच फोकस कराव्या लागायच्या, पण फ्लॅश शटरच्या १/५०० सेकंद वेगाला चालायचा, जो त्यांच्या कितीतरी महाग कॅमेऱ्यांत पण चालत नव्हता. भर उन्हात, काळ्या पडलेल्या चेहऱ्यावर फ्लॅश टाकायचा असेल तर ह्याचं मोल काकांना विचारा. गड्ड्याच्या जत्रेत असा कॅमेरा त्यांच्या गिऱ्हाइकांकडं असता तर त्यांच्या हाताला सावल्या धरायचं काम उरलं नसतं.

राहिला फोन. सगळे म्हणतात गरिबाचा कॅमेरा आता फोनच आहे, आणि घरातल्या फोटोंसाठी ते खरंच आहे, क्लिक थ्रीची जागा फोननं घेतली आणि चांगली घेतली, आईचं ते दारातलं हसू आज फोनमधेच येईल. पण दुकानातल्या त्या मुलीला घरातले फोटो काढायचे नव्हते. तिला काम करायचं होतं. फोन घेऊन मंडपात उभ्या राहिलेल्या मुलीला ऑर्डर कोण देणार, वरमाय आधी हातात काय आहे ते बघते आणि मग पैशाचं बोलते. अंधारात नाचणारी वरात, हळदीचा पिवळा उजेड, अक्षता पडतानाचा तो एक क्षण, रात्री अकरा वाजता एकाच बॅटरीवर, हे फोननं अजून जमत नाही. विड्या वळणाऱ्या घरातली, लूमवरच्या घरातली मुलगी ज्या पायरीवरून ह्या धंद्यात चढणार होती ती पायरी म्हणजे तो बंद पडलेला कॅमेरा. सेकंडहँड आहे, हो, पण सेकंडहँड ओळखायला अनुभव लागतो, शटर किती झिजलंय, सेन्सरवर बुरशी आहे का, आणि हा अनुभव नवशिक्याकडं नसतो. नव्या कॅमेऱ्याबरोबर गॅरंटीचा कागद येतो, पैसे साठवून आलेल्या बापाला तोच कागद पाहिजे असतो.

शेवटी एका रात्री मी आणि भाचा वही घेऊन बसलो, असा कॅमेरा कसा असावा ते मांडायला. मी लिहिलं: फ्लॅशच्या खाचेतला ठिपका पाहिजेच. चष्म्याची चक्री पाहिजेच. जुना सेन्सर चालेल, बारा-पंधरा वर्षांपूर्वीचा सुद्धा, त्यावर लोकांनी हजारो लग्नं काढलीत. बॉडी प्लॅस्टिकची, रंग एकच. सोबत झूम नको, एकच ३५ मिमीची लेन्स, पण काच अशी की माइतानीला दाखवता येईल. बॅटरी महागाच्या मॉडेलचीच, म्हणजे कुठंही मिळेल आणि मित्राकडून मागून पण आणता येईल. स्क्रीन वळणारी नको, टच नको, व्हिडिओ नको.

भाच्यानं व्हिडिओवर बोट ठेवलं. म्हणाला, आत्या, व्हिडिओ नसेल तर सोलापुरात तिला साधं बारसं पण मिळणार नाही, आता सगळ्यांना रील पाहिजे. मग मी व्हिडिओ परत लिहिला, साधा, फोर के नको. तो म्हणाला माइकचं भोक पण ठेव. तेवढ्यासाठी पैसे कुठून आणायचे ह्यावर आमचं अजून चाललंय. मी म्हणते कव्हर, पट्टा, बॉक्समधलं सगळं काढा, माहितीचं पुस्तक काढा. तो म्हणतो पट्टा काढायचा नाही, लग्नात दोन्ही हात लागतात.